बाई बसल्याशिवाय खुर्ची जायची नाही

सासूबाई चांगल्या वजनदार होत्या, आणि सुताराच्या घरात वजन वाया जात नाही. घराला लागूनच मामंजींचं दुकान. डुगडुगणारी खुर्ची दुरुस्त झाली, की मामंजी आतल्या दाराशी येऊन म्हणायचे, "अगं, जरा बसून बघ."

सासूबाई कुरकुरत यायच्या. हात पदराला पुसायच्या, डावीकडे झुलायच्या, उजवीकडे झुलायच्या, मग मागे रेलून ऐसपैस बसायच्या. तोवर मामंजी चहा करून आणत. ही तपासणी चहा संपेपर्यंत चाले. मुलगा लहान असताना तिथेच त्यांच्या पायाशी बसून पाढे म्हणायचा, पुढे नात मांडीवर चढू लागली. एरवी त्यांच्या पायाला भिंगरी. एका जागी गाठायचं तर खुर्चीवरच. गिऱ्हाइकंसुद्धा खिळे-सांधे बघत नसत. "बाई बसल्या का?" एवढंच विचारत. सासूबाईंना याचं वाईट वाटायचं सोडाच, उलट भारी अभिमान. सून नवी असताना तिला त्यांनी बजावलं होतं, "जरा अंग धर बाई. उद्या हे दुकान कुणाच्या जिवावर चालायचं?"

सून मात्र होती तशीच काडी राहिली. आणि एका आजारपणात सासूबाई गेल्या.

मामंजी पुन्हा कामाला लागले, हे बघून सगळ्यांना हायसं वाटलं. पण घोडं भलतीकडेच अडलं. खुर्च्या दुरुस्त होत, भिंतीशी लागत आणि तिथेच राहत. पलीकडच्या दवाखान्याच्या सगळ्या खुर्च्या तयार होत्या, पण मामंजी हात लावू देईनात. तिकडे आजारी माणसं ताटकळत उभी. शेवटी कंपाउंडर येऊन सांगून गेला, की उद्यापर्यंत खुर्च्या आल्या नाहीत तर यापुढचं काम दुसरीकडे. बापापुढे बोलायची मुलाची कधी छातीच झाली नव्हती.

मग सुनेने पदर खोचला. गल्लीतला सगळ्यात दांडगा माणूस म्हणजे दूधवाला. त्याला तिने हाताला धरून आणलं आणि एकेका खुर्चीवर बसवलं. तो बसला, झुलला, नात हौसेने त्याच्या मांडीवर चढली. एकही खुर्ची हूं की चूं करेना. दूधवाला घामाघूम झाला. मामंजींनी सगळं बघून घेतलं आणि मान हलवली. नाही म्हणजे नाही.

दूधवाला गेल्यावर सुनेचा धीर सुटला. सकाळपासून ती घर, पोर आणि दुकान अशी तिन्हीकडे नाचत होती. ती जरा फणकाऱ्यानेच म्हणाली, "मामंजी, आई नेमकं काय बघायच्या ते तरी सांगा. मी शिकून घेते."

"काही बघायची नाही," मामंजी म्हणाले. "सांधा पक्का झाला की नाही, ते मला ठोकतानाच कळतं."

"मग बसवायचात कशाला?"

मामंजींनी रंध्यावरचा भुसा झाडला. "ती बूड टेकायची कुठे गं? दमलीस, बस जरा, असं म्हटलं तर माझ्यावरच डाफरायची. खुर्ची बघ म्हटलं की बसायची. आता खुर्ची तयार झाली की हाक तोंडाशी येते. ती गिळायची, आणि लगेच खुर्ची देऊन टाकायची, हे काही जमत नाही बघ."

सुनेला रडू आलं. तिने ते लपवलं नाही. डोळे पुसायलाही हात मोकळा नव्हता, एका हातात झाडू आणि दुसऱ्यात पोरीची चप्पल. मामंजींनी तिच्याकडे नीट बघितलं, बहुधा कितीतरी दिवसांनी. मग भिंतीजवळची एक खुर्ची ओढून तिच्यापुढे ठेवली.

"माझं वजन ते केवढं," ती म्हणाली.

"वजनाचं कोण बोलतंय?"

दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या सगळ्या खुर्च्या गेल्या. हातगाडीवाला दारात खोळंबून होता, मुलगा घड्याळ बघत होता. सून एकेका खुर्चीवर बसत होती, आणि ती उठायला लागली की मामंजी म्हणत होते, "बस अजून. घाई नाही."