चौकातला फोटो

हुशार पोरं हेरून त्यांना स्पर्धा परीक्षांसाठी तयार करणं, हेच माझं आजवरचं काम. तासगावजवळच्या आमच्या शाळेत निवड झाली, की परीक्षेआधीच गावच्या चौकात त्या पोराचा फ्लेक्स लागतो. ही पद्धत मीच पाडली. फोटो बघून पोरगं जोमानं अभ्यासाला लागतं, असं माझं म्हणणं.

गेल्या वर्षी पाचवीतली एक मुलगी निवडली. तशी बुद्धी मी आधी पाहिली नव्हती. तिच्या फोटोखाली 'भावी कलेक्टर' असं छापून घेतलं. त्यानंतर ती वर्गात प्रश्न विचारेनाशी झाली. चौक टाळून, बेदाण्याच्या शेडमागून शाळेत यायला लागली. एकदा हळूच म्हणाली, "बाई, माझं चुकलं तर त्यो फोटो चौकातनं काढत्याल का?"

मी हसून म्हटलं, "तुझं कसं चुकेल?"

सराव पेपर तपासायचे पडले होते, मी पुढचा पेपर ओढला.

परीक्षेहून तिनं प्रश्नपत्रिका आणून दाखवली. प्रत्येक उत्तरावर खूण होती आणि एकही चूक नव्हती. निकालात मात्र शून्य आलं. उत्तरपत्रिकेवर तिनं एकही गोल भरला नव्हता. का, असं विचारलं तर शांतपणे म्हणाली, "आता काढत्याल न्हवं?"

मी फ्लेक्स उतरवला. यंदा त्याच बांबूंवर दुसऱ्या मुलीचा फोटो चढवलाय. परवापासून तीही शेडमागून यायला लागली आहे.