भटूच्या डोळ्यातला ठिपका

"तुनी ग्रहनमा गिलकं चिरं, म्हनीसन मन्हा नातूना डोया गयात!" यशोदाबाई ओरडत होती आणि मी आमच्या दोन घरांमधल्या भिंतीला कान लावून उभी होते. सन अडतीस, पारोळ्याजवळचं आमचं गाव. मी नऊ वर्षांची.

"नही आत्याबाई, मी त्या दिन इळाले हातबी नही लावा," सुंदर, तिची सून, रडत सांगे. ऐकतं कोण? पोटुशीने ग्रहणात भाजी चिरली, हे ठरून गेलं होतं. बारा दिवसांच्या पोराच्या दोन्ही बुबुळांत ताकाच्या थेंबासारखं पांढरं दिसत होतं. सुंदरला पोरासकट पिंपळनेरला माहेरी धाडायचं ठरलं. अशी गाडी त्या काळी फक्त पोचवायला जाई, आणायला नाही.

मी ओट्यावर आले. गाडी जुंपलेली. सुंदरचा नवरा भटू मान खाली घालून बैलांपाशी उभा. त्याच्याही उजव्या डोळ्यात पांढरा ठिपका होता. लहानपणी कापसाच्या पऱ्हाटीचं काटूक लागलं, असं गावाला ठाऊक.

ताईबाई सुईण पोराची आंघोळ उरकून बाहेर आली. घराघरातली गोष्ट तिच्या पोटात जाई आणि तिथंच राही, म्हणून तर लोक तिला बोलावत. पण आज ती पोर सुंदरच्या हाती देईना.

"यशोदा, गाडी सोड."

"तू मधी पडू नको, अक्का. तुनी मले वचन देयेल शे."

"देयेल शे. म्हनीसनच हाई सुंदर सून व्हईसन तुन्हा घर उनी." ताईबाईने भटूकडे बोट केलं. "भटूले पऱ्हाटी नही लागनी. पह्यलं पानी मीच टाकं त्याले. ठिपका जलमना शे. तवय तू काय चिरं व्हतं? दुधी?"

मला हसू फुटलं. आईने चिमटा काढला.

"माय, खरं शे का?" भटूने विचारलं. यशोदाबाई ताईबाईला म्हणाली, "आतेपासून मन्हा उंबरा चढू नको," आणि आत गेली. भटूने बैल सोडले.

धुळ्याच्या डॉक्टरांनी पोराआधी बापाचा डोळा तपासला. मोतीबिंदू, म्हणाले, घराण्यातून उतरलेला. पुढे सुई घालून पोरावर इलाज केला, त्याच्या एका डोळ्याला थोडी नजर आली. माझी नात नर्स आहे. ती म्हणते, कधी गरोदरपणी आईला पुरळाचा ताप आला तरी असं होतं, आणि पुष्कळदा कारण सापडतच नाही. गिलक्याचं तिच्या पुस्तकात काही नाही, मी मुद्दाम विचारलं.

ताईबाईला मात्र चार वर्षं कुणी बाळंतपणाला बोलावलं नाही. बाईच्या पोटात काही राहत नाही, म्हणाले. सुंदर दुसऱ्या बाळंतपणात अडली तेव्हा यशोदाबाई स्वतः ताईबाईच्या दारात गेली. "चाल अक्का," एवढंच म्हणाली.

मुलगी झाली. त्याच उन्हाळ्यात ताईबाई वारली, म्हणजे तिचं शेवटचं काम ते. पाटावर पाय पसरून तिने पोरीला पायांवर घेतलं, पापण्या बोटाने उघडून बघितल्या. बुबुळं काळीभोर. मग तेल चोळलं, पाणी घातलं, धुरी दिली, टोपडं बांधलं आणि पोर सुंदरच्या कुशीत देऊन, ओलं लुगडं पिळत ती घरी गेली.