झांझिबारची कोजागिरी

‘समुद्र नोहता,’ ठवकर काका म्हणाले.

आमच्या नागपुरातल्या, बर्डीवरच्या ऑफिसात, मालकांच्या केबिनमध्ये हे वाक्य पडलं तेव्हा एरवी मी हसलो असतो. पण काकांच्या शेजारी काकू बसल्या होत्या आणि त्यांच्या पायाला बँडेज होतं. समोर हेमंतभाऊ, आमच्या टूर कंपनीचे मालक. मी कंपनीतला सगळ्यात जुना माणूस, म्हणून त्यांच्या बाजूच्या खुर्चीत. आणि दाराजवळ प्रणाली उभी. ही टूर घेऊन गेलेली आमची टूर मॅनेजर. तिला कोणी बस म्हटलं नव्हतं.

‘नव्हता म्हणजे?’ हेमंतभाऊंनी विचारलं.

‘म्हणजे नोहता, भाऊ! नाश्ता करून, टॉवेल घेऊन गेलो सारे, तं पाणीच नाही. नुसता चिखल. आमच्या कळमन्याच्या यार्डात पावसाळ्यात याच्याहून जास्त पाणी राहते. अन् ही पोरगी म्हणते, काका, चार वाजता येईल. समुद्र का एसटी हाय, चार वाजता याले?’

ठवकर काका कळमन्याच्या बाजारात संत्र्यांचे अडते. भाऊ, भावजया, मुलं, सुना असं अख्खं घर घेऊन ते आमच्यासोबत ईस्ट आफ्रिकेला गेले होते. असा क्लायंट नाराज होणं म्हणजे अर्धा कळमना नाराज होणं. हेमंतभाऊंच्या कपाळावर ते स्पष्ट दिसत होतं.

आता माझं काम सांगतो. मी आयटिनररी बनवायचो, म्हणजे सहलीचा दिवसवार कार्यक्रम. कोणत्या दिवशी, किती वाजता, कुठे, काय करायचं. ईस्ट आफ्रिकेच्या सहलीला आमच्या धंद्यात ‘बुश अँड बीच’ म्हणतात. आधी टांझानियाच्या जंगलात सफारी, मग झांझिबार बेटावर समुद्रकिनारा. आधी धूळ खायची, मग ती धुवायची. जीप, हॉटेल, बस हे सगळं तिथली स्थानिक कंपनी बघते. तिला ग्राउंड हँडलर म्हणतात. मी फक्त इथे खुर्चीत बसून तास वाटायचो.

मी आफ्रिकेत कधीही गेलेलो नाही. वर्षानुवर्षं लोकांना सेरेंगेटीचा सूर्योदय विकला. ‘तुम्ही बघितलाय का हो?’ असं कोणी विचारलं की ‘अप्रतिम!’ एवढंच म्हणायचो. ते खोटं नव्हतं आणि खरंही नव्हतं.

कोजागिरीची कल्पना माझीच. नागपुरात कोजागिरी गच्चीवर होते, मसाला दूध उकळत असतं आणि शेजारचे जिना चढून येतात. म्हटलं, तेच दूध समुद्राकाठी प्यायला मिळालं तर? ‘सेरेंगेटीत सिंह, झांझिबारला कोजागिरी.’ ब्रोशरवर फोटो टाकला, नारळाच्या झाडापर्यंत आलेलं निळंशार पाणी. हेमंतभाऊंनी पाठ थोपटली. जागा भराभर गेल्या.

भरती-ओहोटी आपल्याला शाळेत असते. नंतर नागपूरच्या माणसाला तिचं काही काम पडत नाही. पौर्णिमेला आणि अमावास्येला समुद्राला उधाण येतं. पाणी चढतं जास्त आणि मागेही जातं जास्त. झांझिबारच्या पूर्वेकडचा किनारा परातीसारखा सपाट आहे. तिथे पौर्णिमेची ओहोटी म्हणजे पाणी नजरेच्या टोकाला जाऊन बसतं. सकाळी दहाच्या सुमाराला ओहोटी, संध्याकाळी चारच्या सुमाराला पूर्ण भरती, रात्री पुन्हा ओहोटी. माझ्या कार्यक्रमात सकाळी समुद्रस्नान, चार वाजता मसाल्याची बाग आणि शॉपिंग, रात्री चंद्राच्या साक्षीनं लाटांकाठी दूध. मुद्दाम चुकीचा कार्यक्रम करायचा म्हटलं असतं तरी इतका बिनचूक चुकला नसता.

आणि हे मला कोणी सांगितलं नव्हतं असं नाही.

प्रणाली रोज उमरेडहून एसटीनं यायची. वडील कोळसा खाणीतून रिटायर झालेले, घरी तिच्या नोकरीकडे सगळ्यांचं लक्ष. अंदमानच्या टूर तिनं केल्या होत्या. ही तिची परदेशातली पहिली, आणि कंपनीत बाई टूर मॅनेजर परदेशात जायचीही पहिलीच वेळ. निघायच्या आधी ती माझ्या टेबलाशी आली.

‘सर, पौर्णिमेले तिथं ओहोटी लई मोठी राहते म्हणतात. अंदमानले मी पाहिलं हाय. ग्राउंड हँडलरले टायमिंग विचारू का? शॉपिंग सकाळी घेतलं अन् बीच दुपारी, तं जमून जाईल.’

मी मान वर न करता म्हणालो, ‘समुद्र कुठं जाणार आहे वं? जागेवरच राहते तो.’

ऑफिस हसलं. केबिनचं दार उघडं होतं, हेमंतभाऊही हसले. प्रणालीही थोडी हसली आणि जागेवर जाऊन बसली.

हँडलरला एक फोन लावायला मला काही जड नव्हतं. पण विचारलं असतं तर मला माहीत नाही हे त्याला कळलं असतं, आणि ऑफिसलाही.

सफारी उत्तम झाली. सिंह दिसले, हत्ती दिसले, काकांनी जीपमधून व्हिडिओ पाठवले. झांझिबारला पोचल्यावर पहिल्याच सकाळी प्रणालीचा फोन आला. ‘सर, पाणी गेलं. उद्याचा प्रोग्राम उलटा करू का?’ मी म्हणालो, ‘छापील प्रोग्राम बघून लोकांनी पैसे भरलेत. बदललास तर तक्रार करतील. चालू दे.’

दुसऱ्या दिवशी तिनं सगळ्यांना थांबवायचा प्रयत्न केला. काका म्हणाले, ‘समुद्र येत नाही तं आपण जाऊ समुद्राकडे.’ काकूंना घेऊन चालत सुटले. तिथल्या बायका ओहोटीत समुद्री शेवाळाची शेती करतात, त्यांच्या खुंट्यांमधून वाट काढत हे दोघं पार लांब गेले. काकूंचा पाय समुद्री काटेरी प्राण्यावर पडला. काळे काटे आत मोडले. त्या बसल्या आणि तेवढ्यात पाणी फिरलं. पाणी समोरूनच येतं असं आपल्याला वाटतं. ते आधी मागच्या खोलगट भागात भरतं. किनारा आणि हे दोघं यांच्यामध्ये पाणी आलं.

प्रणालीला पोहता येत नाही. ती छातीपर्यंतच्या पाण्यातून गेली, काकूंना धरून उभी राहिली. शेवाळवाल्या बायकांनी आरडाओरडा करून एक होडी बोलावली, त्या होडीनं तिघांना काठावर आणलं. हे मला नंतर काकूंनीच सांगितलं. केबिनमध्ये त्यांना कोणी बोलू दिलं नाही.

केबिनमध्ये काकाच बोलत होते. ‘आमाले आधी सांगाले काय झालं होतं? एवढे लोक घेऊन जाता अन् समुद्र कवा राहते, कवा नाही, हे बी माहीत नाही? काहून नाही सांगितलं वं?’

प्रणालीनं माझ्याकडे पाहिलं. फक्त पाहिलं. मी छताच्या पंख्याकडे पाहिलं.

‘चुकलं, काका,’ ती म्हणाली.

हेमंतभाऊंनी तिथल्या तिथे निकाल लावला. ‘काका, यापुढे ही तुम्हाला या ऑफिसात दिसणार नाही.’ काका जरा चमकले, काकू ‘अहो’ म्हणाल्या. पण चहा आला आणि विषय संपला. प्रणालीनं कंपनीचा ब्लेझर घडी करून टेबलावर ठेवला आणि निघून गेली. चहा मी प्यालो.

मला राग आहे तो इथे. काकांवर कमी. त्यांनी समुद्र मागितला होता, आम्ही त्यांना फोटो विकला. राग त्या केबिनवर आहे, जिथे उभ्या माणसाला जबाबदार धरतात आणि बसलेल्याला चहा देतात. आणि राग त्या बसलेल्या माणसावर आहे.

काही महिने मी गप्प राहिलो. मग पुढच्या हंगामाचं ब्रोशर आलं. तीच कोजागिरी, तोच फोटो. मी केबिनमध्ये गेलो.

‘भाऊ, प्रणालीनं मला आधी विचारलं होतं. ओहोटीचं. मीच उडवून लावलं.’

हेमंतभाऊ ब्रोशर चाळत होते. ‘माहीत आहे ना यार. मी ऐकलं नव्हतं का? मी पण हसलो होतो.’

‘मग तिला का काढलं?’

‘क्लायंटला कोणीतरी द्यावं लागतं, बक्षी. तुला दिलं असतं तर आयटिनररी कोण बनवणार?’

मी म्हणालो, निदान या ब्रोशरमध्ये ओहोटीच्या वेळा छापू. ते म्हणाले, ‘निगेटिव्ह वाटतं.’

मी प्रणालीला फोन केला. ती आता घराजवळच, कऱ्हांडल्याच्या जंगलालगत एका रिसॉर्टवर काम करते. मी माफी मागितली. बराच वेळ मीच बोललो.

‘बरी आहे मी, सर,’ ती म्हणाली. ‘इथं वाघ नाही दिसला तं लोक वाघाले शिव्या देतात. मले नाही देत.’ मग म्हणाली, ‘पण हे मले सांगून काय उपयोग? मले तं माहीतच होतं. काकांले सांगा. माह्या घरी अजून वाटते, मी कोणाले बुडवून राहिली होती.’

मी कळमन्याला गेलो. सकाळची वेळ, यार्डात संत्र्यांचे ढीग, लिलाव चालू. ठवकर काका ओरडून भाव बोलत होते. ते संपल्यावर त्यांना बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. तिनं विचारलेलं, मी हसण्यावारी नेलेलं, तिथून आलेला तिचा फोन, मी दिलेलं उत्तर. सगळं.

काकांनी गमछ्यानं तोंड पुसलं. ‘म्हणजे ती पोरगी आधीच सांगून राहिली होती?’

‘हो.’

‘तिनं माह्या बायकोले पाण्यात धरून ठेवलं. अन् मी तिथं बसून तिले बोलत होतो.’ त्यांचा आवाज चढला. आजूबाजूचे लोक बघायला लागले. ‘अन् तुमी बाजूले बसून होते?’

‘हो.’

‘मंग तुमाले काहून नाही काढलं गा?’

उत्तर मला त्याच्या आधीच केबिनमध्ये मिळालं होतं, आणि ते मी त्यांना सांगू शकलो नाही.

त्याच आठवड्यात काका काकूंना घेऊन उमरेडला प्रणालीच्या घरी जाऊन आले. काय बोलले ते मला माहीत नाही, विचारायचा हक्कही नाही. पुढच्या सहलीसाठी त्यांनी दुसरी कंपनी धरली. हेमंतभाऊंनी मला बजावलं, क्लायंटशी परस्पर बोलायचं नाही. मी राजीनामा दिला. त्यात शौर्य काही नाही. मुलगा कमावता झाला आहे, मला परवडलं.

पंचवीस वर्षं या धंद्यात राहून एवढंच कळलं. सहल बिघडते ती ऑफिसातल्या टेबलावर. सहलीसोबत जो गेलेला असतो, तो नुसता हाती लागतो.