झाडाला नारळ दिला होता

आमचे हे पाद्री. लोकांना वाटायचं, रविवारी उपदेश केला की बाकी आठवडा आराम. कसला आराम! ह्यांच्या पायाला भिंगरी. ठाण्याहून आगगाडीनं कल्याण, तिथून पायी डोंगराकडे, कातकऱ्यांच्या पाड्यावर. कुणाला रानात जायची बंदी केली, कुणाला वेठीला धरलं, की ह्यांचा अर्ज तयार. साहेबलोक खुर्ची देत, अर्ज ठेवून घेत, पुढे काही नाही. मी तर विटून गेले होते. खरं सांगायचं तर हेही थकले होते. फक्त बोलत नसत.

त्या वर्षी लाकडाच्या ठेकेदारानं अख्खी टेकडी बोडकी केली आणि रानाच्या शिपायांनी धरलं कोणाला, तर एका कातकऱ्याला! काय, तर कात काढायला त्यानं खैराचं एक झाड तोडलं. त्याची बायको तान्हं पोर घेऊन आमच्या ओसरीवर येऊन बसली. नवरा सुटेपर्यंत हलायची नाही म्हणाली.

ह्यांनी कचेरीत खेटे घालून घालून चपला झिजवल्या. झाड तोडताना पाहिलेला साक्षीदार एकही नव्हता. "तू नुसता गप्प उभा राहा बाबा," असं ह्यांनी त्या कातकऱ्याला पुन्हापुन्हा बजावलं. राहिलाही तो गप्प. सुटल्यातच जमा होता. पण शेवटी सरकारी वकिलानं त्याला चोर म्हटलं आणि त्याचं डोकं फिरलं.

"चोरी नाय केली! झाडाला नारळ दिला, शेंदूर लावला, पोराबाळांना जगव म्हणून हात जोडले, मंग खैर तोडला."

कचेरी खो खो हसली. साहेबानं सहा महिने सक्तमजुरी ठोठावली. टेकडीबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

हे घरी आले ते ओसरीवर मटकन बसले. ह्यांनी हलक्या आवाजात सांगितलेलं सगळं ऐकून मला असा संताप आला!

"अहो, एवढं बजावलं होतंत ना त्याला?"

"बजावलं होतं गं. गप्प राहणंसुद्धा त्याला खोटं बोलण्यासारखं वाटलं असेल."

ती बाई कोपऱ्यात पोराला पाजत होती. तिनं मान वर केली.

"बाबा, नारळ दिल्याचं सांगितलं त्यानं साहेबाला?"

"सांगितलं."

तिचा चेहरा एकदम खुलला. पोराला खांद्यावर टाकून ती उठलीच.

"मंग कवा सोडतात त्याला?"