ओली पुट्टी

काचवाले भाऊंचा हात लागला नाही अशी खिडकी त्या गल्लीत शोधून सापडली नसती. पोरांनी चेंडू मारावा, मोठ्यांनी पोरांना मारावं आणि भाऊंनी काच बसवावी, असा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. खिशात काच कापायचा हिरा बाळगणारा हा गल्लीतला सगळ्यात गरीब माणूस. हातावर कापल्याच्या जुन्या खुणा आणि जिभेवर साखर. भाऊ ख्रिस्ती आहेत हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. म्हणजे तसं भाऊंना वाटत होतं. भोळा माणूस.

भाऊंच्या जावयाने गल्लीतच एक खोली भाड्याने घेतली होती. रविवारी सकाळी तिथे दहा-बारा माणसं जमायची, बायबल वाचायची, गाणी म्हणायची. अशाच एका रविवारी टोळकं आलं. लाथा घालून दार तोडलं, म्हाताऱ्यांनासुद्धा बदडलं, काचांचा चुरा केला. मग पोलीस आले आणि त्यांनी धरून नेलं कुणाला? जावयाला. हा लोकांना फूस लावून बाटवतो म्हणे, आणि पहिला हातही यानेच उगारला म्हणे. टोळकं गप्पा मारत आरामात घरी गेलं.

वकील म्हणाला, तुमच्या लोकांची साक्ष कुणी ऐकणार नाही. दार बाहेरून तोडलं, एवढं सांगणारा एक परका माणूस आणा, पोरगा सुटेल. भाऊंना हायसं वाटलं. एक कशाला, त्या दिवशी अख्खी गल्ली खिडकीत उभी होती.

आणि मग भाऊंनी काचवाल्यालाच सुचेल अशी चूक केली. ते घरोघरी गेले, खिडकीपाशी उभे राहिले आणि स्वतः बसवलेल्या काचेतून बोट दाखवून सांगू लागले, बघा, इथून ते दार कसं स्वच्छ दिसतं. लोकांनी चहा पाजला. एकाची त्या दिवशी पाठ धरली होती, तो पडून होता. एकाची दाढी चालू होती. एकजण तर म्हणे गावातच नव्हता, पण टोळक्यात पुढे कोण होता ते त्याने बरोबर सांगितलं. वाईट कुणीच बोललं नाही, आणि डोकं फिरतं ते यानेच. शिव्या देणाऱ्याशी निदान भांडता तरी येतं.

शेवटची आशा समोरच्या वहिनींची. त्यांची मोठी, न उघडणारी खिडकी त्या दाराच्या अगदी तोंडासमोर. भाऊंची बायको लवकर गेली तेव्हा लेकीच्या वेण्या याच वहिनींनी घातल्या होत्या. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं, डोळेही पुसले, आणि चौकशीचे साहेब येतील तेव्हा बघू म्हणाल्या.

दोन दिवसांनी त्यांचा निरोप आला. भाऊ धावतच गेले.

“भाऊ, या खिडकीला ती दुधी काच बसवून द्या,” वहिनी म्हणाल्या. “उजेड यायला हवा, पण पलीकडचं दिसायला नको.”

भाऊंच्या डोक्यात काही शिरलंच नाही. कधीपर्यंत हवी, असं त्यांनी सवयीने विचारलं.

“साहेब यायच्या आत.”

भाऊंनी आजवर गिऱ्हाइकाला नाही म्हटलं नव्हतं. त्या दिवशी मात्र त्यांनी टेप खिशात टाकली आणि ते जिना उतरले. वहिनींनी दुसऱ्याला बोलावलं. जगात काचवाल्यांना काय तोटा!

साहेब आले. बाकीच्या घरांत त्यांना चहा आणि नकार दोन्ही मिळाले होते. वहिनींकडे ते चढले तेव्हा भाऊ लेकीला घेऊन मागोमाग गेले. वहिनी जमिनीकडे बघत म्हणाल्या की आवाज आला होता, पण इथून काही दिसत नाही.

भाऊंचा आवाज जन्मात चढला नव्हता, तो चढला. “साहेब, ही काच कालची आहे. कडेच्या पुट्टीला हात लावून बघा, अजून ओली आहे.”

साहेबांनी अंगठा दाबला. तो पुट्टीत रुतला, चांगला खळगा पडला. साहेब अंगठ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी अंगठा पडद्याला पुसला आणि लिहून घेतलं की या घरातून घटनेची जागा दिसत नाही.

साहेब गेल्यावर लेक जिन्यातच बसली आणि रडू लागली. नवरा आता कधी सुटणार, एवढंच ती विचारत होती. भाऊ तिला उठवत होते, तेवढ्यात वहिनी दारात आल्या. अवघडल्या होत्या, नाही असं नाही.

“भाऊ, पुट्टीत तो अंगठ्याचा खळगा पडलाय. बसवणारा लांबून येतो हो. तुम्ही जरा हात फिरवून देता का?”

भाऊंनी लेकीला उभं केलं.

“राहू द्या, वहिनी,” ते म्हणाले. “वाळली की खळगा पक्का होईल.”

आणि बापलेक जावयाला निकाल सांगायला निघाले.