शिट्टी वाजवायची नाही

माझी थोरली बहीण भित्री. पाल दिसली की ती खुर्चीवर चढते आणि भावोजी तिची नक्कल करून सगळ्या घराला हसवतात. हीच बाई आमच्या कारखान्यात क्रेनचे हूक तपासते, तेव्हा मात्र साहेबांनी कितीही डोळे वटारले तरी तिचा शेरा बदलत नाही.

तपासताना हुकावर वजन हळूहळू चढवतात. चांगलं पोलाद तुटण्याआधी ताणलं जातं, हुकाचं तोंड जरा उघडतं, म्हणजे आपल्याला कळतं. त्यामुळे हूक वाकला नाही म्हणजे तो ठणठणीत, असा आम्हा सगळ्यांचा पक्का समज. ताई घसा कोरडा करून सांगायची, की सावकाश चढलेलं ओझं पेलणारं पोलाद झटक्यालाही तसंच वागेल याचा भरवसा नाही. ताणलं जायला सवड मिळाली नाही, तर एखाद्या बारीक खाचेतून गुपचूप तडा सुरू होतो. आम्ही माना डोलवायचो आणि चहाला जायचो.

त्या दुपारी पाळी संपवून निघालेला क्रेनचालक तिला कौतुकाने सांगू लागला. सकाळी साखळी घसरली, बोजा हातभर खाली आला, पण हुकाने काय झेललाय म्हणता! जरासुद्धा वाकला नाही, मग उगाच बोभाटा कशाला करायचा? ताईचा चेहरा पांढराफटक पडला.

त्याच हुकाला आता एक अवजड मोटर लटकत होती. ती हळूहळू खाली येत होती आणि तिच्याखाली लाकडी ठोकळे मांडत, आमच्याच कारखान्यात फिटर असलेले भावोजी बसले होते. बोजाखाली जायचं नाही हा नियम त्यांना तोंडपाठ होता. पण ठोकळे आपल्याशिवाय कुणाला सरळ लावता येत नाहीत, अशीही त्यांची खात्री होती.

नव्या पाळीच्या चालकाला खुणा करायचं काम माझं. ताईने कानाशी येऊन सकाळच्या झटक्याचं सांगितलं. मी शिट्टी तोंडात घातली, तर तिने ती ओढूनच काढली. मला तिचा रागच आला.

"वाजवलीस तर तो करकचून ब्रेक मारेल," ती म्हणाली. "तोच झटका बसेल. थांबवू नकोस, हळू येऊ दे."

आणि ती चालत निघाली. पळाली असती तर तिला पाहून चालकाने क्रेन थांबवलीच असती. मी 'हळू'ची खूण करत राहिलो.

ती सरळ मोटरीखाली शिरली. भावोजी वैतागले आणि ठोकळ्याकडे बोट दाखवून तिलाच काहीतरी समजावू लागले. या माणसाला आयुष्यात एकदा तरी वाद न घालता उठता येऊ नये? ताई वाकली, तिने त्यांचं मनगट धरलं. शेवटी ते कुरकुरत तिच्यामागे बाहेर आले. मोटर ठोकळ्यांवर टेकली.

हूक सोडवून ताईने त्यावर लाल रंग लावला, पुसला, वर पांढरी पूड मारली. हुकाच्या वळणावर, तड्यात मुरलेला रंग पांढऱ्यातून बोटभर लाल रेघ होऊन वर आला.

भावोजींनी विचारलं, "मी नेहमीसारखं ऐकलंच नसतं तर?"

ताई फडक्याने हात पुसत होती. लाल रंग काही निघत नव्हता.

"तर मीही बसले असते तिथेच," ती म्हणाली. "तुम्हाला ठेवून मला बाहेर येववलं नसतं."