बाबांनी विमानाचे काटे वाचले

हरणं मला जमत नाही, हे आधीच सांगून टाकते. लहानपणी लंगडीत बाद झाले तरी भांडून पुन्हा आत शिरायची मी. त्यामुळे बोंडअळीनं कापूस खाल्ला त्या साली बाबांशी लावलेली पैज मी हरेन, असं माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं.

तेव्हा मी अमरावतीला इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते आणि बाबा दर्यापूर ते अकोला काळीपिवळी जीप चालवत. शेतानं हात वर केले होते, घर जीपवरच चाललं होतं. त्यात बाबांच्या लायसनची मुदत महिनाअखेर संपत होती आणि वयामुळे आता डोळे तपासल्याचा दाखला लागणार होता. बाबा काही केल्या तपासायला तयार नव्हते. "ओळखीचा डॉक्टर हाये, तो देते सही करून," एवढंच म्हणायचे. आईनं विषय काढला की पाना घेऊन जीपखाली शिरायचे आणि जेवायच्या वेळीच बाहेर यायचे. रोज चौदा-पंधरा माणसं घेऊन जाणारा माणूस डोळे दाखवायला घाबरतो, याचा मला भयंकर राग यायचा.

माझा प्रोजेक्ट असा होता: तोंडावर तो हेडसेट नावाचा डबा चढवला की माणूस छोट्या विमानात पायलटच्या जागी जाऊन बसतो. समोर गोल गोल काटे दिसतात, वेगाचा, उंचीचा, इंधनाचा, आणि त्याला दिसतं ते सगळं लॅपटॉपवर मलाही दिसतं. पण चित्र जरा पुसट, त्यामुळे आकडा वाचायला नाक पुढं न्यावं लागतं. कोणाला कोणता काटा किती जवळून वाचता येतो, एवढंच मला मोजायचं होतं. होस्टेलच्या मुली मोजून झाल्या होत्या, आता वयस्क डोळे हवे होते. सरांकडून सही करून दोन दिवसांसाठी हेडसेट घेतला, मैत्रिणीच्या हातापाया पडून तिचा लॅपटॉप घेतला आणि सगळं मांडीवर धरून एसटीनं दर्यापूरला आले. डॉक्टरकडे न जाणारा माणूस विमानात नक्की बसेल, असा माझा डाव होता.

आधी बसले समोरचे चाचा. त्यांचं पंक्चरचं दुकान आमच्या दारासमोर. उंचीच्या काट्याला दोन हात असतात, घड्याळासारखे. चाचांनी तो निरखून पाहिला आणि म्हणाले, "सव्वा दस बजे." मी म्हटलं, चाचा, ते घड्याळ नाही. "मग विमानवाल्याले टाइम कोन सांगते?" असं विचारत ते आणखी पुढं वाकले आणि त्यांचं कपाळ थेट आमच्या गोदरेजच्या कपाटावर आदळलं. हेडसेटला काही झालं नाही. चाचांना आईनं हळद लावून दिली.

मग बाबा. "पैज लावा," मी म्हटलं. "दहा काटे वाचायचे. एक जरी चुकला तरी उद्या डोळ्याच्या डॉक्टरकडे यायचं."

"अन् दाही बरोबर आले तं?"

"तर मी पुन्हा डोळ्याचं नाव काढणार नाही. आईपण नाही."

आईनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिची भांडीकुंडी विकली आहेत. बाबा मात्र खूश झाले, शर्टाची बटणं लावली आणि खुर्चीवर येऊन बसले. बसले म्हणजे अर्ध्याच खुर्चीवर, डाव्या बाजूला सरकून. काळीपिवळीत ड्रायव्हरच्या उजव्या हाताला दाराशी एक सवारी कोंबलेली असते, त्यामुळे वीस वर्षं त्यांना तशीच सवय. पण विमानात पायलट डावीकडेच बसतो. बाबा आणखी डावीकडे सरकले तसं त्यांचं डोकं खिडकीतून पार गेलं.

"मी बाहीर आलो व," बाबा म्हणाले. "इकडून पंख दिसून राह्यला."

"मधे सरका बाबा."

"मधे कसा सरकू? इथं सवारी बसते."

"विमानात सवारी नाही बसत तिथं."

"म्हनूनच त्याहिचं भाडं परवडत नाही."

बरं, सरकले एकदाचे. पण गाडी हलवेनात. मागं वळून पाहिलं, चार सीटा रिकाम्या. सीट भरल्याशिवाय गाडी काढणं त्यांच्या धर्मात बसत नव्हतं. शेवटी आई आणि चाचा मागच्या खाटेवर जाऊन बसले आणि "हाव, भरली, भरली" म्हणाले, तेव्हा कुठं विमान उडालं. इंधनाचा काटा पूर्ण भरलेला दिसल्यावर बाबांचा त्यावर विश्वासच बसेना. "हा अटकला हाये," म्हणत त्यांनी त्याला टिचकी मारली, ती माझ्या चष्म्याला लागली.

वेग विचारला तर काट्याकडे न बघताच म्हणाले, "नव्वद." काटा खरंच नव्वदवर होता. आमच्या जीपचा वेगाचा काटा मी शाळेत असल्यापासून मेलेला, बाबा गाडी कानानं चालवत. इंजिनाच्या आवाजावरून ते वेग सांगतात, आणि वर म्हणतात आपण वाचला. हे चालणार नव्हतं. मी लॅपटॉपचा आवाज पार बंद केला.

मग वाचले त्यांनी. मान पुढं काढून, तोंड पूर्ण वळवून, एकेका काट्यासमोर नाक नेऊन. चाचा कंटाळून दुकानात निघून गेले. आई माझ्या शेजारी येऊन उभी राहिली आणि प्रत्येक उत्तराला माझ्याकडे बघू लागली. सहा बरोबर, सात बरोबर, नऊ बरोबर. दहावा तेलाच्या उष्णतेचा, सगळ्यात बारीक, होस्टेलमधे निम्म्या मुलींना वाचता आला नव्हता. बाबांनी तोही वाचला.

"झाली का तुयी परीक्षा? आता गप ऱ्हायजो," बाबा डब्याच्या आतून म्हणाले.

माझा इतका संताप झाला की काय सांगू. पण प्रोजेक्टचा दुसरा भाग उरला होता: डब्यात दोन डोळ्यांसमोर दोन काचा असतात, त्यातल्या एकीवर पुठ्ठा लावायचा आणि एकाच डोळ्यानं वाचायला लावायचं. मुली लगेच ओरडायच्या, हे काय केलं म्हणून. मी म्हटलं, बाबा, हे पैजेत नाही, फक्त मोजायला पाहिजे. जिंकलेला माणूस दिलदार असतो. "लाव," म्हणाले.

लग्नपत्रिकेचा तुकडा कापून मी डाव्या काचेवर लावला आणि डबा परत त्यांच्या तोंडावर बसवला. बाबांनी उंची सांगितली, वेग सांगितला. बरोबर. मग म्हणाले, "लाव नं लवकर, काय लावते तं."

मला वाटलं पुठ्ठा पडला. डबा काढून पाहिला. पुठ्ठा जागेवर होता, सगळी काच झाकून. आई म्हणाली, "काय झालं?" मी तोच तुकडा काढून उजव्या काचेवर लावला आणि डबा पुन्हा बसवून दिला.

बाबांनी मान डावीकडे नेली, उजवीकडे नेली.

"लाइन गेली वाटते," ते म्हणाले.

आमच्याकडे दिवसातून दोनदा वीज जायची, त्यांचं म्हणणं काही वावगं नव्हतं. फक्त डोक्यावर पंखा खडखड करत फिरत होता. मी आईकडे पाहिलं. आई माझ्याकडे न बघता भिंतीपाशी गेली, तिनं पंख्याचं बटण खटकन बंद केलं आणि म्हणाली, "हाव, गेली."

पंख्याची खडखड हळूहळू कमी होत थांबली. बाबा अजून डबा लावूनच बसले होते, चेहरा वर करून, ऐकत. मग त्यांनी खिशातून जीपची चाबी काढली आणि अंदाजानं माझ्या बाजूला धरली.

"उद्याच्या फेरीले दुसरा ड्रायव्हर पाहा लागते," ते म्हणाले. "अन् तुया मायले सांग, पंखा लाव. लय गरम होऊन राह्यलं."